पिल्लं आहेत तोवर

राजुरी
२२ डिसेंबर २०२४

प्रिय स्नेहा,

मी फोन लावते तेव्हा तू आवाक्याबाहेर असतेस आणि तू डोंगरावरून शिनोलीत उतरून लावतेस तेव्हा मी शेतात असते. शिवाय आमच्या घरात फोनवर बोललेलं ओट्यावर बसलेल्या माणसाला जसंच्या तसं ऐकू जातं आणि मला जे सांगायचंय ते ओट्यावरच्या माणसाबद्दलच आहे. म्हणून हे पत्र. घोडेगावच्या हॉस्टेलवर असताना आपण सुट्टीत लिहायचो तसं. अक्षर बिघडलंय, चालवून घे.

आधी घुबडांचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय. आमच्या तालुक्यातल्या घुबडांच्या घरट्यांवर लक्ष ठेवायला पक्षी बघणारी मंडळी माणसं शोधत होती, त्यांना मी सापडले. आमच्या जुन्या दगडी विहिरीच्या भिंतीत, पाण्यापासून बऱ्याच वर, एक देवळीसारखा खड्डा आहे. त्यात गव्हाणी घुबडाची जोडी राहते. पांढरं तोंड, मधे चिमटल्यासारखं. आठवड्यातून दोनदा दिवस मावळताना मी समोरच्या काठावर बसते आणि जोडी काय आणते, अंडी फुटली का, पिल्लं किती, हे कळवते. बिबट्याच्या धास्तीनं आदेश नवऱ्याचं कर्तव्य म्हणून ट्रॅक्टरचा लाईट लावून मागे उभा असतो आणि सारखा विचारतो, झालं का तुझं. या आठवड्यात देवळीतून पिल्लांचा फुसफुस आवाज येऊ लागलाय. एरवी मी आनंदानं नाचले असते.

आता नानांचं. नाना म्हणजे माझे सासरे, ज्यांनी माझ्या लग्नात तुला आग्रह करकरून जिलेबी वाढली ते. तो माणूस आता निम्मा झालाय. दिवाळीच्या सुमारास ते मोटार चालू करायला विहिरीवर गेले आणि घुबड अगदी त्यांच्या डोक्यावरून गेलं. दचकून त्यांनी दगड भिरकावला. पाण्यात पडला असता तर डुबुक झालं असतं, जमिनीवर पडला असता तर धप्प. नाना म्हणतात, कसलाच आवाज आला नाही. "दगुड झेलला त्यानं." पुढचं तुला सांगायला नको, आपण दोघी तेच ऐकत मोठ्या झालो. झेललेला दगड घुबड रोज पाण्यात घासतं आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो.

आणि ते खरंच झिजतायत गं. खोकला थांबत नाही, संध्याकाळी अंग तापतं, सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबतो. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, दगड तिकडे घासला जातोय, इकडे सुया टोचून काय होणार. शेजारचे गेणभाऊ येऊन सल्ला देऊन गेले की विहिरीत पाचटाचा धूर करा, घुबड गेलं की दुखणं गेलं. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

रोज संध्याकाळी नाना मला विचारतात, "पिल्लं हायत का गं?" मी हो म्हणते आणि आत निघून जाते. हा माणूस धुराचा दिवस ठरवतोय असं वाटतं. गावात मी आधीच घुबडं मोजणारी सून आहे. नानांना काही झालं तर ते माझ्या माथी आणि त्या मुक्या जिवांच्या माथी, हे ठरलेलं आहे. मला फार थकायला झालंय. काहीतरी सुचव.

तुझी,
आरती


३० डिसेंबर २०२४

आरते,

पोस्टमन उपकेंद्रात पाकीट घेऊन आला तेव्हा मला वाटलं बदलीची ऑर्डर. अर्ज करून दीड वर्ष झालं. पाकिटात निघालीस तू, आणि बरोबर घुबड.

नर्स म्हणून एवढंच सांगते. न थांबणारा खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन. दगड राहू दे बाजूला. त्यांच्या बेडक्याची तपासणी करून घे, सरकारी दवाखान्यात होते. टीबी असावा असं मला वाटतं. असला तर गोळ्यांनी बरा होतो, पण गोळ्या घ्याव्या लागतात, हीच तर गोम आहे. तोवर त्यांचं अंथरूण हवेशीर जागी टाक, तोंडाला रुमाल बांधायला लाव आणि तुझ्या लेकीला, हर्षालीला, त्यांच्याजवळ झोपवू नकोस.

इथे माझी एक पेशंट आहे, लंकाबाई. वरच्या वाडीत राहते. तिच्या गोळ्यांसाठी मी डोंगर चढते. ती मला चहा देते, गोळी माझ्यासमोर गिळते आणि म्हणते, "बाई, मी बरी झाले की, आता कशापायी येती?" मी तिला जंतू, फुप्फुस, सगळं चित्र काढून समजावलंय. ती चित्राकडे बघून मान डोलावते. मग मी खाली उतरते आणि तेच सगळं मोबाईलमध्ये भरायला रेंज शोधत टेकाडावर जाऊन उभी राहते.

तेव्हा समजावणं हा माझा सल्ला नाही. माझी आई नेमानं विहारात जाते, अंधश्रद्धेवर भाषण देते आणि दारात घुबड बोललं की मला म्हणते, आता कुणाचं नाव घिऊ नको, ते ऐकतंय. आईला मी समजावू शकले नाही, तू सासऱ्यांना काय समजावणार? सरळ खोटं सांग. पिल्लं उडाली, जोडी गेली, घरटं मोकळं झालं. घुबड गेलं तर भीती जाईल, भीती गेली की दवाखान्यात येतील. नाहीतरी ते काही विहिरीत वाकून बघणार नाहीत.

तुझी स्नेहा

ता. क. जिलेबी चार वेळा वाढली होती. विसरलेली नाही.


राजुरी
८ जानेवारी २०२५

प्रिय स्नेहा,

तुझं ऐकलं.

परवा संध्याकाळी विहिरीवर पहिल्यांदाच पिल्लांची डोकी दिसली. चार. अंगावर मळकट कापूस आणि त्यातून ती लांबुडकी तोंडं. घुबडीनं उंदीर आणला तेव्हा चौघांनी असा दंगा केला की आदेशसुद्धा ट्रॅक्टरवरून उतरून बघायला आला. मला त्याच क्षणी घरी जाऊन कुणालातरी सांगावंसं वाटत होतं आणि घरी जाऊन मी सांगितलं काय, तर पिल्लं गेली.

नाना जेवायला बसले होते. विचारलं, "पिल्लं हायत का गं?" मी म्हटलं, उडाली नाना, देवळी मोकळी झाली. त्यांनी विचारलं, समदी? मी म्हटलं, सगळी. मग "बरं" म्हणाले, उरलेली भाकरी ताटातच ठेवली आणि घोंगडी ओढून भिंतीकडे तोंड करून पडले. कित्येक दिवसांनी एवढे लवकर झोपले. खोकलेही कमी. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू, मीसुद्धा भांडी तशीच टाकून झोपले.

आता दोन दिवस जाऊ देते आणि मग दवाखान्याचं काढते. तुझ्या डोक्याला मानलं.

तुझी,
आरती


१४ जानेवारी २०२५

आरते,

तीळगूळ घे, गोड बोल, आणि गोड बोलूनच त्यांना या आठवड्यात दवाखान्यात ने. सकाळी उठल्याबरोबरचा बेडका लागतो. दोन दिवस जाऊ देते असं लिहिलं आहेस, ते दोन दिवस जाऊ देऊ नकोस.

लंकाबाई वाडीत नाही. तुमच्या बाजूला कांदा लावायच्या मजुरीला टोळीबरोबर गेली, मला न सांगता. गोळ्यांचं पाकीट फळीवर तसंच होतं. तुझ्या आसपास कांद्यावर वरची माणसं आली असतील तर विचार. बुटकी, कपाळावर गोंदण, सारखी हसते.

घाईत आहे.

स्नेहा


राजुरी
२१ जानेवारी २०२५

प्रिय स्नेहा,

तुझी लंकाबाई शोधायला मला बाहेर पडता आलं नाही. इथे काय झालं ते ऐक. तुझ्या डोक्याला मानलं होतं ना, ते परत घेते.

नाना झोपले ते उठलेच नाहीत. म्हणजे डोळे उघडे, पण अंथरूण सोडेनात. मी हायसं वाटून झोपले त्या रात्रीपासून त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं, आणि मला वाटत होतं भीती गेली म्हणून माणूस शांत झालाय. संक्रांतीला त्यांनी आदेशला जवळ बसवून कुठला बांध कुणाच्या वहिवाटीचा ते सांगितलं. नणंदेला, शीलाला, बेल्ह्याहून बोलावून घेतलं. शीला आल्या आणि दारातच रडायला लागल्या. दवाखान्याचं विचारलं तर नाना म्हणाले, आता कशाला.

मी आत्याबाईंना विचारलं. तुला माझ्या सासूबाई माहीत आहेत, ठकूबाई कुणाचं ऐकत नाहीत आणि कुणाला फारसं बोलत नाहीत. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू पिल्लं हायत म्हनायचीस, त्याच्यावर जीव धरून व्हते ते. लेकुरवाळीला दगुड घासायला येळ असतोय व्हय? चार तोंडं भरायची, उंदरं धरायची. पिल्लं हायत तवर आपुन हाय, म्हनायचे मला. तू म्हनलीस, गेली. झालं मग, आता ती मोकळीच."

स्नेहा, रोज संध्याकाळी तो माणूस मला विचारत होता, आणि मला वाटायचं धुराची चौकशी चाललीय. तो जगायचं किती उरलं ते विचारत होता. आणि मी माझ्या तोंडानं सांगितलं, संपलं.

त्याच संध्याकाळी आदेशनं त्यांना ट्रॅक्टरवर बसवून विहिरीवर नेलं. नाना येत नव्हते, मी हातच जोडले. काठावर खुर्ची ठेवली, आदेशनं मागून धरलं. बराच वेळ काही दिसेना. मग घुबडी उसावरून आली, पायात उंदीर, आणि देवळीत एकच गलका झाला. चारही डोकी पुढे. नाना बघत राहिले. मग म्हणाले, "हायत की गं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मीही रडले, लपवलं नाही.

घरी येताना त्यांनी विचारलं, खोटं का सांगितलंस. मी खरं ते सांगितलं, तुम्ही धूर कराल याची भीती वाटली. नाना म्हणाले, "मी धूर करीन? मला काय मरायची घाई झालीय व्हय?" आणि ते हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

मग मी ते बोलले, ज्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, नाना, पिल्लं उडायच्या आत दवाखाना उरकून घेऊ, घुबडी कामात आहे तोवर औषध लागू पडेल. ते लगेच हो म्हणाले. काल बेडका दिला, आज टीबीच निघाला, गोळ्या सुरू. घरच्या सगळ्यांची तपासणी झाली, हर्षालीलाही काही नाही. मी त्यांच्या भीतीवरच पाय देऊन त्यांना दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या. शिकून काय उपयोग झाला माझा, तूच सांग.

तुझी,
आरती


२८ जानेवारी २०२५

आरते,

खोटं सांगायचा सल्ला माझा होता. त्याचं ओझं तू एकटीनं वाहू नकोस. माणूस कशाच्या आधारानं उभा आहे हे न बघता मी आधारच काढून घ्यायला सांगितलं. त्यांनी अन्न सोडलं हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ ओपीडीच्या बाकावर बसून राहिले.

बाकी लाज वगैरे सोड. गोळी पोटात गेली ना? ती भीतीवर बसून गेली की ज्ञानावर बसून, गोळीला कळत नाही.

पण आता हिशेब बघ. पिल्लं फेब्रुवारी संपता संपता उडतील. गोळ्या सहा महिने, म्हणजे जुलैपर्यंत. मधल्या दिवसांचं काय करणार आहेस? महिन्या-दीड महिन्यात त्यांना बरं वाटू लागेल, खोकला जाईल, अंग धरतील आणि नेमकी तेव्हाच देवळी रिकामी होईल. एकतर ते म्हणतील बरा झालो, गोळ्या कशाला. नाहीतर म्हणतील घुबडी मोकळी झाली, गोळ्या कशाला. दोन्हीकडून एकच. हे आत्तापासून डोक्यात ठेव.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं. या गोळ्यांनी लघवी लालसर केशरी होते. घाबरू नका म्हणावं.

लंकाबाई परत आली. मजुरीवरून तिला टोळीनं आणून सोडलं. मी रोज जाते आहे.

स्नेहा


राजुरी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय स्नेहा,

केशरी लघवीचं तुझं पत्र यायला उशीर झाला. गोळ्या सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाना संडासातून बाहेर आले ते भिंतीला धरून. दगड संपला, आता रगत घासतंय, म्हणाले. गेणभाऊ लगोलग लिंबू-मिरच्या घेऊन हजर. शेवटी मी दवाखान्यात फोन केला, तिथल्या बाईंनी स्पीकरवर सांगितलं की सगळ्यांची होते आजोबा, आता कुणाची पिवळी राहिली असती तर काळजी. तेव्हा कुठे बसले. गेणभाऊ लिंबू घरी घेऊन गेले, सरबत केलं असेल.

आता ऐकण्यासारखं ऐक. खोकला निम्म्यावर आलाय. भाकरी दीड झाली. आणि नाना घुबडांचे राखणदार झालेत. दिवस कलला की खुर्ची काठावर. संध्याकाळी मोटार लावायची नाही, घुबडी बुजते. ट्रॅक्टरचा लाईट विहिरीवर मारायचा नाही, पिल्लांचे डोळे दिपतात. आदेश म्हणतो, बिबट्यानं मला नेलं तरी चालेल पण घुबडीला त्रास नको. उसातले उंदीर घुबडीला कमी पडू नयेत म्हणून नानांनी यंदा उंदरांचं औषधही टाकू दिलं नाही. हे मी पक्षीवाल्या मंडळींना कळवलं तर ते फार खूश झाले, लिहून आलं की शेतकऱ्यांमध्ये जागृती होते आहे. खरं कारण मी कळवलं नाही.

सगळं गोड नाही. धाकटं पिल्लू गेल्या आठवड्यात दिसेनासं झालं. अन्न कमी पडलं की थोरली धाकट्याला ठेवत नाहीत, हे मला ठाऊक आहे, मी नोंदवून टाकलं. नानांनी मात्र त्या दिवशी खुर्ची आणली तशीच परत नेली. "तीन ऱ्हायली," एवढंच म्हणाले. तू म्हणतेस ते मधले दिवस मला आत्तापासून दिसायला लागलेत. पिसं भरत आलीत गं. थोरलं देवळीच्या तोंडाशी येऊन पंख झाडतं. मी पक्षी बघणारी बाई, मला त्याचं कौतुक वाटायला हवं, आणि मी मनात म्हणते, थांब रे बाबा, एवढी घाई करू नकोस.

लंकाबाई कशी आहे? तू तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस.

तुझी,
आरती


२० फेब्रुवारी २०२५

आरते,

लंकाबाई गेली. दहा तारखेला. मी एक ओळ लिहिली कारण तेव्हाच कळत होतं.

तिला मी सगळं बरोबर सांगितलं होतं. चित्र काढलं होतं, दोनदा. तिला कळलंही होतं. पण कांदा लावायचे दिवस होते आणि तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटणारं माणूस मजुरी सोडून गोळीसाठी घरी बसत नाही. तू लाज वाटते लिहिलंस ना, तेव्हा मला तुझा हेवा वाटला. तुझ्या सासऱ्यांकडे एक घुबडी तरी होती. माझ्या लंकाबाईकडे मी सोडून कुणी नव्हतं, आणि ती मजुरीला जाईपर्यंत मी आठवड्यातून जेवढं चढता येईल तेवढंच चढत होते.

उपकेंद्रामागच्या उंबराच्या ढोलीत धनेश बसलाय. म्हणजे बसलीय. मादी आत जाते, तोंड लिंपून घेते, एक चीर ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या चिरेतून भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. मी रोज चहा पिताना तिकडे बघते. आरते, मला त्या मादीचा फार हेवा वाटतो. कुणी काम सांगत नाही, रेंज शोधावी लागत नाही, खायला दारात. परवा आशाताईंना म्हटलं, मलाही कुणी लिंपून घ्या. त्या म्हणाल्या, "बाई, आतमधी ती अंडी उबवती, झोपत न्हाई काय."

बदलीचा अर्ज अजून तिथेच आहे. पाठपुरावा करायचा सोडलाय.

पिल्लं उडाली तर त्याच दिवशी कळव. खोटं सांगू नका आता. काहीच सांगू नका. फक्त गोळी चुकू देऊ नकोस. हे तुला मैत्रीण म्हणून सांगत नाही, मागतेय.

स्नेहा


राजुरी
१६ मार्च २०२५

प्रिय स्नेहा,

तुझं पत्र मी तीन-चारदा वाचलं आणि उत्तर लिहायला बसले की कुणीतरी हाक मारायचं. लंकाबाईला मी कधी पाहिलं नाही, पण कांद्याच्या वावरात बुटकी बाई दिसली की मी अजून वळून बघते. तुझ्यामुळे ती राहिली नाही असं मनात आणू नकोस. आणशीलच, तरी लिहिते.

पिल्लं उडाली. त्याच दिवशी कळवायचं होतं, पण पुढचं काय होतंय ते कळल्याशिवाय लिहवेना.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात थोरलं गेलं, मग मधलं. तिसरं दोन दिवस देवळीत एकटंच फुसफुसत होतं, मग तेही विजेच्या खांबापर्यंत गेलं, तिथून उसावर. नाना खुर्चीत होते. कुणी काही सांगायची वेळच आली नाही, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं होतं ते घाबरतील. घाबरले नाहीत, नुसते विझल्यासारखे झाले. खुर्ची उचलून घरी आले, आणि रात्री आत्याबाईंनी गोळ्या पुढे केल्या तर हात बाजूला सारला. म्हणाले, जेवढं व्हायचं तेवढं झालं, दोन महिने मिळाले, लई झालं.

दुसऱ्या दिवशीही नाही. आदेशनं आवाज चढवला. शीलांनी फोनवर शपथ घातली. मी तर सगळंच केलं, जंतूंबद्दल सांगितलं, तुझ्या लंकाबाईबद्दल सांगितलं, दवाखान्यातल्या बाईंशी बोलायला दिलं. नाना सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि गोळ्या उशाशी तशाच. त्यांचं साधं होतं, घुबडी आता मोकळी झाली. मी विहिरीवर जाऊन बघून आले, खोटं नको पण काही खरं सापडतंय का म्हणून, दुसरी अंडी तरी घातली असतील म्हणून. देवळीत काही नव्हतं. उंदरांची हाडं, पिसं, घाण. परत येताना मी बांधावर बसून राहिले. तुला काय लिहायचं हेच डोक्यात होतं.

घरी आले तेव्हा आत्याबाई ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. शीलांच्या घरासाठीचे. दर वर्षी इथून करून जातात, शीलांना पापड जमत नाहीत असं आत्याबाईंनी ठरवून टाकलंय. आदल्या आठवड्यात त्या शीलांच्या मुलीचा पाय मुरगळला म्हणून बेल्ह्याला राहून आल्या होत्या. त्याआधी आदेशला ताप होता तर त्याच्या उशाशी. नाना खाटेवर पडून बघत होते आणि परत तेच म्हणाले, पिल्लं गेली, ती मोकळी झाली.

आत्याबाईंनी हातातला पापड खाली ठेवला. स्नेहा, मी या घरात बारा वर्षं आहे, त्या नानांसमोर कधी एवढं लांब बोललेल्या मी ऐकल्या नाहीत. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पिल्लं उडाली म्हंजी आई मोकळी व्हती, हे तुमाला कुनी सांगितलं वं? शीलाला दिऊन वीस वर्सं झाली. आदेशाला लेक झाली. मी झाले का मोकळी? कवा बघितलंत मला दगुड घासत बसलेली?"

आदेश पायरीवर होता, तो जमिनीकडे बघत राहिला. आत्याबाईंनी पापड परत उचलला.

नाना त्यांच्याकडे बघत होते. वाळवणाकडे, त्यांच्या हातांकडे, पदरात खोचलेल्या किल्ल्यांकडे. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं शेजारी असलेलं माणूस पहिल्यांदा दिसावं तसे बघत होते. त्याच वेळी उसातून फुसफुस ऐकू आली आणि घुबडी आमच्या छपरावरून तिकडे गेली. पायात उंदीर होता. उडालेल्या पिल्लांना आईबाप आणखी काही दिवस भरवतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं, ठाऊक होतंही, पण त्या दोन दिवसांत सुचलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. सांगायची गरज उरली नव्हती.

नाना उठून बसले. उशाशी हात घालून गोळ्या काढल्या, तळहातावर मोजल्या.

"ठके," म्हणाले, "तू बस. पानी मी घेतो."

तुझी,
आरती